एफआयव्ही असलेला बोका घरी आणताना

तात्याला आणलं तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असावा. एक कान नसबंदीची खूण म्हणून कापलेला, दुसरा मारामारीत फाटलेला, आणि गाल असे भरलेले की दुसरं नावच सुचलं नाही. पिंजऱ्यावर लाल पेनाने 'एफआयव्ही' लिहिलेलं, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू. ते वाचून लोक पुढच्या पिंजऱ्याकडे जायचे. मी डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते, दिवसभर घरात असते. म्हटलं, चल बाबा.

आधी रिपोर्ट स्वतः वाचा. एफआयव्ही आणि एफईएलव्ही ही दोन नावं कानाला सारखी लागतात, पण दुखणी वेगळी. एफईएलव्ही म्हणजे मांजरांचा ल्युकेमियाचा विषाणू, तो लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटलं, एका वाटीत खाल्लं तरी लागू शकतो. घरात दुसरं निरोगी मांजर असेल तर तसलं आणू नका. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो, म्हणून तो भांडखोर बोक्यांत जास्त. रक्ताच्या दोन-तीन थेंबांवर दहाएक मिनिटांत किट निकाल देते, पण एफआयव्हीसाठी ती विषाणू नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी पाहते. सहा महिन्यांखालच्या पिल्लात त्या आईकडून आलेल्या असू शकतात, तेव्हा पिल्लू मोठं झाल्यावर पुन्हा तपासा.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मांजराचा एड्स ना हा? घरात लहान मुलं येतात." त्यांचंही बरोबर, नाव तसंच पडलंय. 1986 मध्ये कॅलिफोर्नियात पेटालुमा इथल्या मांजरांत हा सापडला. एचआयव्हीच्याच कुळातला आहे, पण माणसाला लागत नाही, कुत्र्यालाही नाही. डॉक्टरांनी हे फोनवर त्यांना सांगितलं तेव्हा पटलं. माझं काय, मी पडले सून.

घरात आमची ठकी आधीपासून आहे. दोघांची नसबंदी झालेली होती, ती अट सोडू नका. तात्याला दोन आठवडे आतल्या खोलीत ठेवला. अस्तराच्या चिंध्या माझ्याकडे ढिगाने. एकमेकांच्या वासाची ओळख व्हावी म्हणून एक त्याच्या गालावरून फिरवून ठकीच्या ताटलीखाली ठेवायची, तिची त्याच्याकडे. पहिल्या दिवशी ठकी चिंधीवरच फिसकारली, आठव्या दिवशी त्याच चिंधीवर झोपली. मग दार चार बोटं उघडलं. दोघं नीट राहात असतील तर धोका फार कमी, पण झोंबाझोंबी करत असतील तर खोल्या वेगळ्याच ठेवा.

बाहेर सोडायचं नाही. बाहेरचे आजार त्याला नकोत आणि त्याचा चावा बाहेरच्यांना नको. जाळी आधी, मांजर नंतर. डासांची जाळी तात्याने पहिल्याच आठवड्यात नखाने उसवली, आता लोखंडी आहे. माझ्यासारखं शिवणकाम असेल तर दोरे डब्यात झाकून ठेवा. दोरा गिळला तर आतडी गोळा होतात. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या.

कोळीणबाई प्रेमाने बांगड्याचं कच्चं डोकं देतात. घ्या, पण उकडून घाला. प्रतिकारशक्ती कमी, कच्च्यातले जंतू त्याला झेपणार नाहीत. कांदा-लसूण मुळीच नाही. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही, मांजर त्याने मरतं.

खरं लक्ष तोंडाकडे द्या. विषाणू काही दिसत नाही, हिरड्या दिसतात. दिवाळीच्या गर्दीत, पस्तीस ब्लाउज अंगावर असताना, तात्या वाटीपाशी यायचा, एक घास घ्यायचा, मान तिरकी करून तो खाली टाकायचा आणि केकाटून पळायचा. मला वाटलं, चव आवडत नाही. दोनदा खाणं बदललं. हनुवटी ओली दिसायची, तेही पाणी प्यायला असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या जांभळासारख्या, आणि वास असा की मीच मागे सरले. मागचे सगळे दात काढावे लागले. आठवडाभर चिकन वाटून भरवलं. आता कोरडे दाणेसुद्धा न चावता गिळतो. दर रविवारी ओठ वर करून बघायला मिनिटभर लागतं, ते मिनिट मी दिवाळीत वाचवलं होतं.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. पिशवीत घालून सामानाच्या हुकाच्या काट्याला लटकवायचं, मग रिकाम्या पिशवीचं वजा करायचं. मी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतच लिहिते: छाती 36, बाही 9, तात्या 4.3. एकदा 4.3 चं 4.0 झालं तेव्हा तो वरून ठणठणीत दिसत होता, तरी नेला. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. एरवी दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि कोणती लस कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतील. जायच्या दोन दिवस आधी ती पिशवी काढून कोपऱ्यात उघडी ठेवा, आत एक चिंधी टाका. ऐनवेळी काढलीत तर तो कपाटामागे जाईल आणि तुम्ही रिक्षा थांबवून हाका मारत बसाल.