लिंबू, सोडा आणि चेहरा: घरचं काही लावण्याआधी

चेहऱ्याला लिंबू चोळायचं आधी बंद करा. बाकीचं मग सांगते.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं पार्लर आहे. लग्नसराई लागली की गालावर, ओठांच्या वर काळपट चट्टे घेऊन मुली येतात. काय लावलं होतं विचारलं, की लिंबू-मध नाहीतर लिंबू-साखर निघतं. त्वचेचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5, म्हणजे रस शेकडो पटींनी जास्त आम्ल. शिवाय आपल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीत, सोरालेन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. तेही लगेच नाही. लाली नाहीतर फोड एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे लिंबावर कुणाचा संशयच जात नाही. मागे राहिलेला डाग मात्र महिनोन्महिने जात नाही. म्हणून हळदीच्या वाटीत कुणी लिंबू पिळायला लागलं तर नवरीच्या करवलीनं सरळ हात धरावा.

खायचा सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. त्वचेचा वरचा संरक्षक थर बिघडवतो. पुटकुळीवर टूथपेस्ट आणि दालचिनीचा लेप दोन्ही नकोत, आग होते आणि डाग राहतो. खोबरेल केसांना खुशाल लावा, पुरळ येणाऱ्या चेहऱ्याला नको. हळद घरी दळलेली घ्या, सुट्या पिवळ्याधमक पुडीत रंगाची भेसळ असू शकते. डाळीचं पीठ दह्यात कालवून लावलंत तर कडक वाळू देऊ नका, ओलसर असतानाच धुवा, घासून काढू नका.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. खाज, लाली, पुरळ आलं तर सोडून द्या. लिंबाला ही चाचणी चालत नाही. बाहीखाली ऊनच लागत नाही, मग कळणार काय?

लावून बसला असाल आणि आग होत असेल तर दहा-पंधरा मिनिटं साध्या गार पाण्यानं धुवा. साबण नको, बर्फ चोळणं नको. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या आणि काही दिवस ऊन टाळा. फोड आले किंवा डोळ्यांजवळ सूज आली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा. मेडिकलमधून विचारून आणलेली गोरेपणाची नाहीतर खाजेची ट्यूब तोवर लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, आणि चेहऱ्याला त्याची सवय लागली की सुटायला फार त्रास होतो.