वरणाचं पाणी नको, वरण द्या! (सहा महिन्यांच्या बाळाचं वरचं खाणं)

पहिल्या मुलाच्या वेळी मी तब्बल दोन महिने त्याला वरणाचं पाणी पाजलंय. कुकर उघडला की डाळीवर जे नितळ पाणी असतं ना ते वाटीत काढायचं, चिमूटभर मीठ, थेंबभर तूप, आणि बाळ गटागटा प्यायचं, घरातले सगळे खूश की बघा कसं जेवतंय. आठव्या महिन्यात वजनाचा काटा जागचा हलेना. डॉक्टरांनी विचारलं काय देता, मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ते म्हणाले, "मग डाळ कोण खातं?" डाळ आम्ही खात होतो, अजून काय!

आता मुलगी झाली तेव्हा ही चूक केली नाही, आणि सोसायटीतल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. बाळाचं पोट बोटभर असतं, सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिली मावतं, त्यात तुम्ही 150 मिली पाणीच भरलंत तर खाणं कुठे जाणार? आणि सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालूच ठेवायचं असलं तरी ते एकटं पुरत नाही, खास करून लोह. जन्मताना बाळ जो लोहाचा साठा घेऊन येतं तो याच सुमारास संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह अगदी कमी असतं. म्हणून सहा महिने पूर्ण झाले की सुरू करायचं. उष्टावणाचा मुहूर्त दोन महिन्यांनी असेल तर खीर मामाच्या हातून तेव्हा खाऊ दे, पण तोवर थांबू नका.

घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. धार लागून पडलं तर पातळ आहे, चमच्याला धरून राहिलं आणि मग हळूच गोळा सरकला तर बरोबर. आमच्याकडे सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, "अगं घशात अडकेल" म्हणायच्या, मग एक दिवस त्यांनीच स्वतःच्या हाताने मऊ भात कुस्करून भरवला आणि नातीने चमचाच धरून ठेवला, सोडेना.

आता खिमट. बाजारच्या डब्यांपेक्षा हे शंभर पटीने बरं आणि रविवारी अर्ध्या दिवसात महिन्याचं होतं. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ वेगवेगळं धुवायचं, सुती फडक्यावर पंख्याखाली पसरून खडखडीत वाळवायचं, मग मंद गॅसवर वेगवेगळं भाजायचं कारण डाळ आधी लाल होते, तांदूळ मागे राहतो. चमचाभर जिरं शेवटी. गार झालं की मिक्सरला रवाळ फिरवायचं, पीठ करायचं नाही, पिठाचा चिकट गोळा होतो. शिजवताना दोन-तीन चमचे खिमट आधी गार पाण्यात कालवा आणि मगच गॅसवर ठेवा, गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं, उतरवल्यावर चमचाभर साजूक तूप. तुपात कंजूषी नको, वाटी तेवढीच राहते आणि ताकद वाढते. वर लिंबाचे दोन थेंब पिळा, डाळीतलं लोह त्याने जास्त अंगी लागतं.

नाचणीचं मात्र जरा जपून, कारण यात माझीच एक खेप पावसाळ्यात वाया गेली, जुलैमधली डोंबिवली, मोड आलेली नाचणी दोन दिवस वाळलीच नाही आणि तिसऱ्या दिवशी वास यायला लागला, सगळी फेकली. पावसाळ्यात करायची असेल तर थोडी करा. रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात घट्ट बांधून टांगा, दिवसभरात बारीक पांढरे मोड दिसतात. मग वाळवून अगदी हलकी भाजायची, दळायची आणि मलमलच्या कापडातून चाळायची. खमंग वासाच्या नादात जास्त भाजू नका, त्यामागे कारण आहे. मोड आले की धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते शिजताना खळ सैल करतं, म्हणून मोडाच्या नाचणीची लापशी साध्या पिठाइतकी पटकन घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. जास्त भाजलंत की ते द्रव्य मरतं. शिवाय मोडामुळे लोह अंगी लागायला जो अडथळा असतो तोही कमी होतो. आपल्या आज्या हे सगळं न शिकता करत होत्या, मला दुसऱ्या बाळापर्यंत कळायला लागलं.

किती द्यायचं? सुरुवातीला दिवसातून दोनदा-तीनदा, दोन-तीन चमचे, बास. आठ महिन्यांपर्यंत हळूहळू अर्धी वाटी (मोठी, 250 मिलीची). नऊ महिने पूर्ण झाले की तेवढंच तीन-चार वेळा, आणि वर्षाचं झालं की पाऊण ते एक वाटी. पहिले चार दिवस निम्मं हनुवटीवर आणि निम्मं तुमच्या गाऊनवर जाणार, जीभ बाहेर ढकलते म्हणजे आवडलं नाही असं नसतं, तिला गिळायचं शिकायचंय. नवीन पदार्थ सकाळी द्या, पुरळ-बिरळ आलं तर दिवसाउजेडी दिसतं आणि दवाखाना उघडा असतो.

अंडं खात असाल तर सहा महिन्यांनंतर नीट उकडलेलं अंडं द्या, पिवळा आणि पांढरा दोन्ही. वर्षाचं होईपर्यंत पांढरा नको असं माझ्या आईने ठासून सांगितलं होतं पण उशीर करून ॲलर्जी टळते असं काही नाही. (घरात कुणाला मोठी ॲलर्जी असेल किंवा बाळाला खूप एक्झिमा (त्वचेला खाज, लाल चट्टे) असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.) मासे, चिकन चालत असेल तर तेही, काटे-हाडं काढून मऊ शिजवून कुस्करलेलं.

काय नको ते पटपट सांगते. वर्षाच्या आत मध नको, चाटवायचा नाही, गुटीतही नाही, कारण त्यात एका जंतूचे बीज असू शकतात, मोठ्यांचं पोट त्यांना पुरून उरतं, बाळाचं नाही. उकळूनही ते मरत नाहीत. मीठ वर्षभर आणि साखर दोन वर्षांपर्यंत नको, "अळणी कसं खाईल" हा प्रश्न आपला आहे, बाळाला मीठ माहीतच नाही, भाजीत मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढा. चहात बुडवलेलं बिस्किट तर नकोच, चहामुळे लोह कमी शोषलं जातं आणि बिस्किटात मैदा-साखरेशिवाय काय असतं. आजोबांना हे पटवायला मला तीन आठवडे लागले, शेवटी त्यांना रोज दुपारी केळं कुस्करायची ड्युटी दिली, तेव्हा प्रश्न मिटला. गायीचं-म्हशीचं दूध वर्षाआधी मुख्य पेय म्हणून नको, दही चालेल. अख्खे शेंगदाणे, चणे, गोल द्राक्षं, कच्चं गाजर हे पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, द्राक्ष द्यायचंच तर उभं चार तुकडे करून.

आणि घाबरायची गोष्ट म्हणजे ठसका. बाळ खोकतंय, ओकारी काढतंय, डोळ्यात पाणी, आवाज येतोय, तर ते स्वतः सोडवतंय, पाठ चोळत शांत बसा, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद, रडू येत नाही, चेहरा निळसर, हे खरं अडकणं. तेव्हा बाळाला पालथं, डोकं खाली करून हातावर घ्या आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा, मग उताणं वळवून छातीच्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेखाली दोन बोटांनी पाच वेळा दाबा, आणि सुटेपर्यंत हेच आळीपाळीने करत राहा, सोबतच्या माणसाला 108 ला फोन लावायला सांगा. बाळ निपचित झालं तर वेगळा उपचार लागतो, म्हणून जमलं तर एकदा कुठल्यातरी प्रशिक्षणात हे हाताने शिकून घ्या. बाळाला एकटं जेवत ठेवून किचनमध्ये जाऊ नका, अगदी कुकरची शिट्टी झाली तरी. कुकर राहील.

मोबाईल दाखवून भरवायचा मोह होतो, मला कळतं, मी पहिल्याच्या वेळी तेच केलं. पोरगा गाणं बघत तोंड उघडायचा, भूक लागली की नाही हे त्याचं त्यालाच कळायचं नाही, चार वर्षांचा झाला तरी टीव्हीशिवाय घास जात नव्हता. मुलीला आम्ही जमिनीवर चटई टाकून सगळ्यांबरोबर बसवतो, समोर शिजलेल्या गाजराचा तुकडा, ती चिवडते, फेकते, मधेच खाते. जमीन पुसायला दहा मिनिटं जातात.

शी बदलते, त्याचीही तयारी ठेवा. पालक दिला की हिरवी, बीट दिलं की लालभडक (मी रात्री अकराला नवऱ्याला ओरडून उठवलं होतं), गाजराचे तुकडे जसेच्या तसे बाहेर. बीट आठवत नसेल आणि लाल दिसलं तर मात्र डॉक्टर. घट्ट झाली तर जेवताना दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी आणि पपई द्या.

ताप-सर्दीत बाळ जेवत नाही, तेव्हा जबरदस्ती नको, अंगावर पाजत राहा, थोडं थोडं द्या. बरं झालं की दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्तीचं. आणि प्रवासात खिमट शिजवायच्या फंदात पडू नका, पिशवीत दोन पिकलेली केळी आणि एक चमचा ठेवा, लोकलमध्ये पण काम होतं.