सागरी माशांवरील चपट्या परजीवी कृमींचे वर्गीकरण: या चुका टाळा

या कृमींची ओळख चुकण्याचे मूळ बहुतेक वेळा मासा चिरतानाच सापडते. गोठवलेल्या माशातील कृमी मेलेले, आकसलेले असतात आणि काहींचे आकडे (माशाला धरून राहण्याचे बारीक हुक) गळून गेलेले असतात. म्हणून शक्यतो ताजा मासा घ्यावा आणि कृमी जिवंत असतानाच वेचावेत. ते नळाच्या पाण्यात धुऊ नयेत, कारण गोड्या पाण्यात ते फुगतात आणि फुटतातही.

सर्वांत मोठी हानी होते ती दाबण्याच्या सवयीमुळे. जिवंत डायजीनिया (दोन चूषकांचा, म्हणजे चिकटून राहण्याच्या वाट्यांचा, चपटा कृमी) थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला की आकसतो. मग त्याला सरळ करण्यासाठी काचेखाली दाबले, की वृषणांचा आकार, दोन चूषकांच्या मापांचे प्रमाण आणि अंडाशयाची जागा, म्हणजे ज्यांवरून जात ठरते तीच लक्षणे, बिघडतात. त्याऐवजी तो उकळीला आलेल्या सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) टाकून लगेच 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. मोनोजीनियाचे (मागच्या टोकाच्या पकड-अवयवाने माशाला धरून राहणाऱ्या चपट्या कृमींचे) काही नमुने मात्र आकडे स्पष्ट दिसावेत म्हणून मुद्दाम चपटे करावे लागतात. अशा नमुन्यांवरून शरीराची मापे घेऊ नयेत.

कृमी कल्ल्यावर सापडला म्हणजे तो मोनोजीनिया आणि पोटात सापडला म्हणजे डायजीनिया, हा ठोकताळा फसवा आहे. ट्रान्सव्हर्सोट्रेमा हा डायजीनिया असूनही खवल्यांखाली राहतो, तर कॅलिकोटाइल हा मोनोजीनिया पाकटाच्या अवस्करात (विष्ठा-मूत्राच्या सामाईक पोकळीत) आढळतो. कुप्याच्या कल्ल्यांवरील पिवळसर पुटीत जोडीने राहणारे डिडिमोझोइड गटातील कृमी हेही डायजीनियाच आहेत. त्यामुळे जागेआधी शरीराचे मागचे टोक पाहावे: तेथे आकडे किंवा क्लॅम्प (चिमट्यासारखी पकड) असलेला पकड-अवयव असेल, तर तो मोनोजीनिया समजावा.

पट्टकृमींच्या अळ्यांना जातीचे नाव देण्याची घाई करू नये. ‘स्कोलेक्स प्ल्युरोनेक्टिस’ हे नाव अनेक जातींच्या अळ्यांसाठी एकत्र वापरले गेले आहे. ती एक जात नव्हे. ट्रायपॅनोऱ्हिंक या पट्टकृमी-गटातील अळीची शुंडके (डोक्यातून बाहेर येणारे आकडेदार सोंडेसारखे अवयव) बाहेर आलेली नसतील, तर त्यांवरील आकड्यांची मांडणी दिसत नाही आणि नाव देण्याचा आधारच उरत नाही.

एकाच माशावरचे सगळे कृमी एकाच जातीचे मानू नयेत. आपल्या सुरमईच्या कल्ल्यांवर प्रायसिया आणि गोटोकोटायला या मोनोजीनियाच्या दोन्ही प्रजातींचे (जातींच्या गटांचे) कृमी आढळतात, म्हणून प्रत्येक नमुना स्वतंत्र पाहावा लागतो. बेनेडेनिया आणि निओबेनेडेनिया या मोनोजीनियाच्या प्रजाती वरवर अगदी सारखे दिसतात. दुसऱ्यात योनिमार्ग नसतो, हा फरक रंगवलेल्या नमुन्यातच नीट पाहता येतो. त्याहून अवघड गोष्ट निओबेनेडेनिया मेलेनी आणि निओबेनेडेनिया गिरेली यांची आहे: 1996 मध्ये या दोन जाती एकच ठरवल्या गेल्या आणि 2018 मध्ये डीएनएच्या आधारे पुन्हा वेगळ्या मानल्या गेल्या. त्यामुळे केवळ आकारावरून यांचा निर्णय करू नये.

फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो. म्हणून कृमीच्या शरीराच्या कडेचा छोटा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा, उरलेला भाग त्याच क्रमांकाने काचपट्टीवर बसवावा आणि यजमान माशाचे शास्त्रीय नाव, छायाचित्र व पकडल्याची जागा नोंदवून ती काचपट्टी संग्रहालयात जमा करावी.