लॉगआउट केलंय असं फक्त वाटतं, या चुका टाळा

एकदा मामेभावाच्या लॅपटॉपवर मी फक्त एक मेल बघायला बसलो, दहा मिनिटांचं काम, मेल बघितला, क्रोम बंद केलं आणि उठलो. दीडेक महिन्याने तो सहज विचारतो, "दादा, तू फ्रिज घेतोयस का रे? मला यूट्यूबवर सारखे फ्रिजचेच व्हिडिओ दिसतायत." मी खरंच फ्रिज बघत होतो. म्हणजे इतके दिवस त्याच्या घरी सगळे माझ्याच अकाउंटवरून यूट्यूब बघत होते आणि दोघांनाही पत्ता नाही. वर अजून एक घोळ, लॉगिन करताना क्रोमने सिंक चालू करू का म्हणून विचारलेलं आणि मी न वाचता हो दाबलेलं, त्यामुळे माझे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्डसुद्धा त्याच्या लॅपटॉपवर येऊन बसले होते. भाऊ घरचा म्हणून निभावलं.

तर पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच, टॅब किंवा ब्राउझर बंद केला म्हणजे लॉगआउट झालं असं समजणं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुमच्या ब्राउझरला एक कुकी देते, गेटपाससारखी समजा, आणि तिकडे सर्व्हरवर रजिस्टरमध्ये नोंद होते की या पासवाल्याला आत सोडायचं. टॅब बंद केला तरी पास खिशातच राहतो. लॉगआउटचं बटण दाबलं की पासही जातो आणि नोंदही जाते. आणि नुसत्या कुकीज क्लिअर केल्या तर पास गेला पण रजिस्टरमधली नोंद बऱ्याचदा तशीच पडून राहते, म्हणून मग डिव्हाइसच्या लिस्टमध्ये जुनं कायकाय दिसत राहतं.

ॲप अनइन्स्टॉल करण्याचं पण तेच. फोनवरून ॲप उडवलं, विषय संपला, असं नसतं. आयफोनवर तर बरीच ॲप्स लॉगिनची माहिती कीचेनमध्ये, म्हणजे फोनच्या पासवर्डच्या तिजोरीत, ठेवतात आणि ती ॲप काढल्यावरही टिकू शकते, म्हणून काही महिन्यांनी तेच ॲप परत टाकलं की न विचारता थेट आत. आधी ॲपमधून लॉगआउट, मग अनइन्स्टॉल, हा क्रम ठेवा.

इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची हिस्टरी न ठेवणारी खाजगी खिडकी, वापरली की झालं? दुसऱ्याच्या मशीनवर तेच वापरावं हे बरोबर आहे, पण त्या सेशनच्या, म्हणजे तेवढ्या वेळच्या लॉगिनच्या, कुकीज इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्यावरच पुसल्या जातात, एक जरी मागे उघडी राहिली तरी लॉगिन जिवंत. फोनवर लोक होम बटण दाबून बाहेर येतात आणि टॅब तिथेच पडलेला असतो.

आता ती जागा जिथे खरं काम होतं. बहुतेक मोठ्या अकाउंट्समध्ये तुम्ही कुठेकुठे लॉगिन आहात त्याची लिस्ट असते आणि तिथून लांबच्या डिव्हाइसलाही बाहेर काढता येतं, त्या लॅपटॉपपाशी जायची गरज नाही. मी भावाचं प्रकरण घरबसल्या असंच मिटवलं.

फेसबुक आणि इन्स्टासाठी सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात पासवर्ड अँड सिक्युरिटी, त्यात व्हेअर यू आर लॉग्ड इन. दोन्ही अकाउंट जोडलेली असतील तर एकाच ठिकाणी दिसतात पण लिस्ट दोघांची वेगळी असते, एक साफ केली म्हणजे दुसरी झाली असं नाही. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) सिक्युरिटी अँड अकाउंट ॲक्सेस मध्ये ॲप्स अँड सेशन्स. गुगलचं अकाउंटच्या सिक्युरिटी भागात युअर डिव्हायसेस. व्हॉट्सॲपला लिंक्ड डिव्हायसेस, तिथे फोन सोडून 4 डिव्हाइस जोडता येतात. यात एक गैरसमज फार आहे, लोकांना वाटतं फोनचं नेट बंद केलं की कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप बंद पडेल, तसं पूर्वी होतं, आता फोन बंद असला तरी कॉम्प्युटरवर मेसेज येत राहतात, मुख्य फोन 14 दिवस वापरलाच नाही तर मग जोडलेली डिव्हाइस आपोआप लॉगआउट होतात. 14 दिवस कशाला थांबायचं, लिस्टमध्ये त्या नावावर टॅप करा आणि काढा.

टेलिग्राममध्ये डिव्हायसेस मध्ये बाकीची सगळी सेशन्स एकदम बंद करायचा ऑप्शन आहे, पण तुम्ही नव्या फोनवर आत्ताच लॉगिन केलं असेल तर तिथून जुनी सेशन्स लगेच काढता येत नाहीत, 24 तास थांबावं लागतं. एरर आला म्हणून ॲप खराब आहे समजून काढू नका, ती सोय आहे, चोराने लॉगिन करून लगेच तुम्हालाच बाहेर हाकलू नये म्हणून.

लिस्ट बघून घाबरणं ही पण एक चूकच म्हणायची. "मी तर त्या शहरात कधी गेलोच नाही!" अहो, ते ठिकाण आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनच्या नंबरवरून, अंदाजाने दाखवतात, मोबाईल डेटावर असाल तर भलतंच शहर दिसू शकतं. तसंच एकच लॅपटॉप तीनदा दिसला तर तीन हॅकर नाहीत, दोन ब्राउझर वापरले, मध्ये एकदा कुकीज उडवल्या, की प्रत्येकाची वेगळी नोंद होते. शहरापेक्षा डिव्हाइसचं मॉडेल आणि शेवटची वेळ बघा, ती तुमची नसेल तर मात्र काढा आणि लगेच पासवर्ड बदला.

पासवर्ड बदलताना एक बघायचं. पासवर्ड बदलला की सगळीकडून आपोआप लॉगआउट होतं हे प्रत्येक ठिकाणी खरं नाही. फेसबुक, इन्स्टावर तिथेच बाकीच्या डिव्हाइसमधून लॉगआउट करायची टिक असते, लोक घाईत ती बघतच नाहीत. आणि काढलेलं अनोळखी डिव्हाइस दोन दिवसांनी परत उगवलं तर समजा त्याच्याकडे नवा पासवर्डही आहे, आणि तो बहुतेक तुमच्या ईमेलमधून जातोय. अशा वेळी आधी ईमेलचा पासवर्ड बदला, तिथली लिस्ट साफ करा, मग सोशल मीडिया. उलटं केलंत तर बसा परत परत तेच करत.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. फ्रिजवाल्या प्रकरणानंतर मला सफाईचा जोर चढला, एका रात्री बसून एका अकाउंटमधून सगळी डिव्हाइस काढली आणि शेवटी म्हटलं आपल्या फोनवरूनही लॉगआउट करू, फ्रेश लॉगिन करू. पासवर्ड टाकला, बरोबर. पुढच्या स्क्रीनवर, कोड पाठवलाय, या नंबरवर, आणि खाली शेवटचे दोन आकडे. ते आकडे बघूनच पोटात गोळा आला, कारण तो नंबर मी कधीच बंद करून टाकलेला. बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना वापरायचे आधीच काढून ठेवलेले कोड, घेतलेले नव्हते. पुढे ओळख पटवायला फोटो, व्हिडिओ सेल्फी, वाट बघणं, अकाउंट मिळालं पण बारा दिवस गेले. म्हणून लॉगआउट करायच्या आधी रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल चालू आहेत का बघा, बॅकअप कोड काढून कागदावर लिहून ठेवा, आणि हे होईपर्यंत निदान एका डिव्हाइसवर लॉगिन राहू द्या.

काही छोट्या अडचणी ज्या लोक हमखास विचारतात. लॉगआउट केलं तरी स्क्रीनवर माझा फोटो आणि नाव दिसतंय आणि टॅप केलं की थेट आत जातंय, तर लॉगिन इन्फो सेव्ह झालेली आहे, त्या लॉगिन स्क्रीनवरच्या सेटिंग्जमधून प्रोफाइल रिमूव्ह करा. कॉम्प्युटरवर आपोआप परत लॉगिन होतंय तर ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये पासवर्ड सेव्ह आहे, लॉगआउटने तो जात नाही, तो वेगळा डिलीट करावा लागतो.

अँड्रॉइड फोनवर जीमेल ॲपमध्ये लॉगआउट शोधून लोक थकतात, ते बटण तिथे नाहीच, फोनच्या सेटिंग्जमधून अख्खं गुगल अकाउंट रिमूव्ह करावं लागतं. त्यात सिंक केलेले कॉन्टॅक्ट त्या फोनवरून गायब होतात, घाबरू नका, अकाउंट परत टाकलं की येतात.

आणि ज्या ॲपमध्ये तुम्ही फेसबुक किंवा गुगलने लॉगिन केलंय, गेम वगैरे, ती फेसबुकमधून लॉगआउट केल्याने बंद होत नाहीत. फेसबुकला ॲप्स अँड वेबसाइट्स मध्ये आणि गुगलला थर्ड पार्टी कनेक्शन्स मध्ये जाऊन ती तोडायची, आणि त्या ॲपमधूनही वेगळं लॉगआउट करायचं. पाच वर्षांपूर्वीचं एखादं क्विझ ॲप अजून तिथे बसलेलं सापडेल.

फोन विकताना तर नुसता फॅक्टरी रिसेट मारून चालत नाही. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, रिसेटनंतर जुनंच गुगल अकाउंट मागायची सोय आहे, रिकव्हरी मेनूतून (फोन बंद करून बटणं दाबून उघडतो तो) रिसेट केला तर घेणाऱ्याचा फोन तिथेच अडकतो आणि मग तुम्हाला फोन येतो. आधी गुगल अकाउंट रिमूव्ह, मग रिसेट. आयफोन असेल तर आधी आयक्लाउडमधून साइन आउट करून फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा.

टीव्ही विसरू नका हो. सुट्टीत कुठे राहायला गेलात, तिथल्या टीव्हीवर यूट्यूब लावलं, निघताना बॅगा मोजल्या, चार्जर घेतला, अकाउंट तिथेच. गुगलच्या डिव्हाइस लिस्टमध्ये तो टीव्ही दिसला तर तिथून साइन आउट करा, नाहीतर थर्ड पार्टी कनेक्शन्समध्ये यूट्यूब ऑन टीव्ही शोधून त्याचा ॲक्सेस काढा.