शेगडीचा बर्नर घरीच बदलायचाय? बदला, फक्त जेटला हात नको

फ्लेम पिवळी, भांडी खालून काळीकुट्ट आणि चहाला रोजच्यापेक्षा पाच मिनिटं जास्त, असं सुरू झालं की आमची आई म्हणणार "गॅस संपत आला वाटतं". अगं पाईपचा गॅस आहे आपला, तो कसा संपेल! बहुतेक वेळा बर्नर तुंबलेला असतो नाहीतर झिजलेला.

नवीन आणायच्या आधी साफ करून बघा. गरम पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास बुडवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा, भोकं सुईने मोकळी करायची, पण सुई खुपसून भोकं मोठी करू नका, मग जाळ आत ओढतो. ॲल्युमिनियमचा असेल तर सोड्यात टाकू नका, काळा पडतो. एवढं करूनही एका बाजूला जाळ उंच नि दुसऱ्या बाजूला विझलेला, किंवा बर्नर जागेवर डुगडुगतोय, तर बदला सरळ.

दुकानात जाताना जुना बर्नर पिशवीत टाकून न्याच. मी शहाणपणा करून नुसतं शेगडीचं मॉडेल सांगितलं आणि घेऊन आलो, घरी बसवला तर हलतोय, दोनेक मिलिमीटरचा फरक. बघायला बसल्यासारखा वाटतो, पण फटीतून जाळ खाली येतो आणि नॉब तापायला लागतो. पितळी घेणार असाल तर खालच्या बाजूला किल्लीने जरा खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर वरवरचा मुलामा आहे.

आता बदलताना. एक बर्नर पेटता ठेवायचा आणि मागचा कॉक बंद करायचा (दांडा पाईपला आडवा झाला की बंद), सिलिंडर असेल तर रेग्युलेटर. नळीत उरलेला गॅस जळून फ्लेम आपोआप विझते, मग नॉब बंद करा. ऑटोवाली शेगडी असेल तर सेल काढून ठेवा. आणि थांबा हो, पितळ लवकर गार होत नाही, माझ्या अंगठ्याला विचारा.

जुना बर्नर वर उचलला की निघतो, बहुतेक शेगड्यांना स्क्रू वगैरे नसतो. खालच्या नळीत मोबाईलचा टॉर्च मारा. आमच्याकडे फोडणीतून उडालेली मोहरी आणि एक झुरळाचं पिल्लू निघालं. हसू नका, याच नळीत गॅस नि हवा मिसळते, वाट अडली की हवा कमी पडते आणि फ्लेम पिवळी होते. ओला फडका मारलात तर पूर्ण वाळू द्या. मग नवा बर्नर ठेवून जरा फिरवायचा, खाचेत बसला की हलत नाही.

नॉब बंदच ठेवून कॉक उघडा, शेगडीला गॅस आणणाऱ्या रबरी नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर लीक. काडी पेटवून लीक बघणारे महाभाग अजून आहेत, तसलं काही करू नका. मग पेटवा. निळी, स्थिर फ्लेम हवी. भक्क आवाज होऊन खाली नळीत जाळ दिसला तर लगेच बंद, बर्नर नीट बसलेला नाही.

जेट म्हणजे बर्नरखालच्या नळीच्या तोंडाशी असतं ते बारीक भोकाचं पितळी तोंड. पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन, आणि तेवढ्याच व्हॉल्यूमला सिलिंडरच्या गॅसची उष्णता साधारण अडीच पट. म्हणून पाईपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं, बिल्डिंगमध्ये लाईन आली की कंपनीचा माणूस ते बदलून जातो. आम्ही मुंबईतली जुनी शेगडी तशीच गावी पाठवली, काकाने सिलिंडरला जोडली आणि जाळ हातभर वर, पातेलं एका चहात काळं, मग फोनवर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. जेटचं काम मेकॅनिकचंच.

वास आलाच तर लाईटचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण नाही, पंखा नाही, एक्झॉस्ट नाही. कॉक बंद, खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर जाऊन फोन करायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो म्हणून दार सताड उघडा, पाईपचा हलका, वर जातो म्हणून वरच्या खिडक्या पण. सिलिंडरसाठी १९०६, पाईपवाल्यांनी बिलावरचा इमर्जन्सी नंबर आधीच सेव्ह करून ठेवा.

आणि शेगडी सरकवलीच आहे तर रबरी नळीवरची तारीख पण बघून घ्या, सिलिंडरची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गावी ती बघायला गेलो तर नळीवर एवढं तेल की तारीख वाचायला आधी भांड्याच्या साबणाने घासावी लागली.