हवा सोडण्याआधी: कच्च्या डोंगरवाटांवरच्या एका दिवसाची तयारी

ठाणे किंवा नवी मुंबईहून तीन-चार गाड्या घेऊन मुरबाड, शहापूर किंवा कर्जतच्या बाजूच्या कच्च्या डोंगरवाटांवर एक दिवस घालवायचा असेल, तर यादीच्या अगदी वर हवा भरण्याचा पंप लिहावा आणि बाकी सगळे त्याखाली. कागदपत्रे, स्टेपनी, जॅक, व्हील पाना आणि पिण्याचे पाणी या गोष्टी सगळ्यांच्या लक्षात असतात, म्हणून त्यांवर शाई खर्च करत नाही. पंप मात्र राहतो, कारण शहरात त्याची गरजच पडत नाही. जवळच्या पेट्रोलपंपावर कोणीतरी हवा मारून देते आणि आपला पंप बाल्कनीतल्या कपाटात खोक्यासकट पडून राहतो.

डोंगरात त्याची गरज का पडते, हे नव्याने फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घेतलेल्यांसाठी सांगायला हवे. रस्त्यावर आपण साधारण ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवतो. एवढ्या कडक टायरने दगडगोट्यांवर गाडी उसळत राहते आणि मोकळ्या मातीच्या चढावर चाके जागच्या जागी फिरतात. हवा १८ ते २० पर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमिनीला अधिक लांबपर्यंत टेकतो, दगडाभोवती थोडा वळतो आणि जो चढ तीन प्रयत्नांत जमत नव्हता तो शांतपणे चढून जातो. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नये, कारण वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. येथवर सगळ्यांनाच आवडते. व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडायला दोन मिनिटेही लागत नाहीत. अडचण दुपारनंतर डांबरी रस्त्याला लागल्यावर सुरू होते. कमी हवेचा टायर वेगात धावताना प्रत्येक फेऱ्याला बाजूने दुमडतो, दुमडून तापतो, आणि तापलेली साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, आतून सुटू लागते. अशा टायरवर महामार्गाला ८० च्या वेगाने लागणे म्हणजे टायर फुटण्याची वाट पाहणे. म्हणून नियम एकच आहे: चालू स्थितीतला पंप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही टायरची हवा सोडू नये.

‘पाहिल्याशिवाय’ असे मुद्दाम लिहिले आहे. गेल्या खेपेस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंप कोणाकडे आहे असे विचारले गेले, सगळ्यांनी अंगठा दाखवला, मीही दाखवला, आणि वर माळावर पोहोचून सर्वांनी उत्साहाने हवा सोडल्यानंतर कळले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या पंपावर विसंबून आला होता. परतीला टोकावड्याच्या अलीकडे ताशी वीसच्या वेगाने सरकणाऱ्या गाड्यांच्या मागे एसटी हॉर्न वाजवत होती, पंक्चरवाल्याच्या टपरीला कुलूप होते आणि माझ्या मागच्या डाव्या टायरची साइडवॉल कायमची गेली. त्यामुळे आता अंगठा चालत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपला पंप गाडीला जोडून, चालू करून, त्याचा आवाज ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ ग्रुपवर टाकावा. हे कोणाला अति वाटले, तर त्याने खुशाल दुसऱ्या ग्रुपबरोबर जावे.

पंप नुसता असून भागत नाही, हेही लक्षात घ्यावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो एकदा सर्वांत लांबच्या, म्हणजे बहुधा मागच्या टायरला लावून पाहावा. डॅशबोर्डच्या सॉकेटपासून तिथवर त्याची वायर आणि नळी पोहोचते का, हे त्याच वेळी कळते. बहुतेक गाड्यांच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. त्याहून जास्त ओढणारा पंप तिथे लावला की फ्यूज उडतो आणि मोबाइल चार्ज करण्याची सोयही त्याबरोबर जाते. मोठ्या टायरांसाठी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा पंप घ्यावा, आणि सॉकेटचाच वापरायचा असेल तर त्याच मापाचे दोन फ्यूज डब्यात टाकावेत. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे, नाहीतर चौथ्या टायरपर्यंत बॅटरी बसते. छोटा पंप एका टायरला सहज सात-आठ मिनिटे घेतो, मध्ये तापतो, त्याला थांबवून गार होऊ द्यावे लागते, आणि त्याचे पितळी तोंड उघड्या हाताने धरले तर बोटे भाजतात. चार गाड्यांत एकच पंप असेल तर सगळ्यांची हवा भरायला दोन तास जातील, आणि ते दोन तास अंधारातले असतील. म्हणून किमान दोन पंप हवेत. पंपावरचा काटा दोन-तीनने चुकलेला असू शकतो, तेव्हा हवा मोजण्याचे वेगळे गेज ठेवावे. व्हॉल्व्हच्या टोप्या कोणाच्या खिशात ठेवल्या, तेही बोलून ठेवावे.

आता अडकलेली गाडी ओढण्याचे सामान. येथे माझा सूर थोडा कडक होईल, कारण विसरलेल्या पंपाने दिवस वाया जातो, पण चुकीच्या ओढण्याने माणूस जखमी होतो. बाजारात मिळणारा, दोन्ही टोकांना लोखंडी हूक असलेला स्वस्त पट्टा डोंगरात आणूच नये. ताणाखाली हूक सुटला तर तो कोणाच्याही अंगावर जातो. शिवलेले फास असलेला पट्टा आणि त्याला जोडायला क्षमता छापलेली शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी कडी, घ्यावी. साधा पॉलिएस्टरचा पट्टा जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून तो हळूहळू ओढण्यासाठी. चिखलात रुतलेली गाडी थोडा वेग घेऊन खेचायची असेल तर ताणला जाणारा नायलॉनचा दोर लागतो. दोन्हींची क्षमता गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी. पट्टा लावायचा तो चॅसीवर पक्क्या बसवलेल्या हूकलाच. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवू नये, तो तुटून उडतो आणि अशाने माणसे मेलेली आहेत. काही गाड्यांना बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक जॅकच्या सामानासोबत मिळतो. तो सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता असतो, रुतलेली गाडी झटक्याने काढण्यासाठी नव्हे. ओढताना दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड चादर टाकावी, म्हणजे तो तुटला तर खाली बसेल. बाकीच्यांनी दोराच्या दीडपट अंतरावर उभे राहावे, आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याला हा नियम दोनदा सांगावा.

जॅकखाली घालण्यासाठी एक-दीड फुटाची जाड फळी हवी. ही न घेणारे बरेच आहेत. मऊ मातीत जॅक फिरवला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो, आणि पाना फिरवणारा माणूस बराच वेळ आपण काहीतरी करत आहोत अशा समजुतीत राहतो. सोबत एक फावडे आणि चामड्याचे किंवा जाड कापडाचे हातमोजे घ्यावेत. चाकाखाली घालायला आपण दगड उचलतो, आणि सह्याद्रीच्या या उतारांवर दगडाखाली फुरसे असते; ते लहान आणि मातीच्या रंगाचे असल्याने दिसत नाही. दगड आधी पायातल्या बुटाने किंवा काठीने हलवावा, मग हात लावावा. चावा घेतलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. त्या माणसाला हलू न देता १०८ ला फोन करावा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठावे. कोणत्या ठिकाणी मोबाइलला रेंज येते हे म्हणूनच जाताना बघून ठेवायचे असते.

वाट ठरवताना नकाशावर दिसणारी प्रत्येक रेघ आपल्यासाठी आहे असे समजू नये. शहापूरच्या बाजूला तानसा अभयारण्य आहे, माळशेजच्या वर हरिश्चंद्रगडाचा परिसर आणि दक्षिणेला भीमाशंकर ही दोन्ही अभयारण्ये आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. माथेरानला तर गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, तेव्हा तिकडून वर जाणारी एखादी ‘गुप्त’ वाट कोणी सुचवली तर त्याला गप्प बसवावे. वनजमिनीबद्दल शंका असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. बाकी ठिकाणी वाट शेवटच्या पाड्यातून जाते, म्हणून तिथे उतरून कोणाशी तरी बोलावे. पुढची वाट पावसात खचली आहे का, ओढ्यावरची मोरी आहे का, हे त्या माणसाला उपग्रहापेक्षा चांगले ठाऊक असते. भाताची खाचरे रिकामी दिसली तरी त्यात गाडी घालू नये. बांध एकदा चाकाखाली फुटला की तो घालायला शेतकऱ्याचे दिवस जातात, आणि त्या वाटेवर पुढच्या वेळी येणाऱ्या गाड्यांना आडवे लाकूड मिळते ते उगाच नाही.

पावसाळ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जून ते सप्टेंबर नवख्यांनी जाऊ नये. धबधब्यांवर आणि घाटांत त्या काळात जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, ते आदल्या दिवशी पाहावेत. ओढ्याचे पाणी वरच्या डोंगरावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही चढते. महिंद्राने थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याचा आकडा दिला आहे, पण तो वाचून वाहत्या ओढ्यात उतरू नये. त्याहून कमी पाणीही जोरात असले तर गाडीला बाजूला ढकलते. तळ दिसत नसेल तर आधी काठी घेऊन चालत जावे. चालत जायला भीती वाटत असेल, तर गाडी नेण्याचा प्रश्नच मिटला.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठेवावी आणि ती पाचचीच असावी. मुरबाडच्या बाजूला जायचे तर माजिवड्याहून निघणारे आणि ऐरोली-वाशीहून शिळफाट्यामार्गे येणारे, दोघांनाही कल्याण ओलांडायचे आहे, आणि शहाडच्या पुलावर सकाळी साडेसातला काय होते हे सांगायला नको. भेटीचे ठिकाण मुरबाड ठेवावे, ठाण्यात नव्हे, कारण शहरात चार गाड्या एकत्र राहत नाहीत. मुरबाडला टाकी पूर्ण भरावी. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, इंधन नेहमीच्या दीडपट-दुप्पट जाते, आणि पुढे वाडीवस्तीत ते मिळेलच असे नाही. तिथेच, चहा पिताना, प्रत्येकाच्या डिकीतला पंप पुन्हा एकदा पाहून घ्यावा. हो, व्हिडिओ पाहिलेला असला तरीही. व्हिडिओनंतर पंप पुन्हा कपाटात जाऊ शकतो.

खाण्याचे फार सांगत नाही. पोळीभाजी, केळी, चिक्की, भरपूर पाणी. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी, वाटेत घेऊन उपयोग नाही. मागे सुटे सामान ठेवू नये. तिरक्या उतारावर जॅक किंवा पाण्याचा पाच लिटरचा कॅन पुढच्या माणसाच्या डोक्यापर्यंत येतो. सगळे डिकीत पट्ट्याने बांधावे. सीटबेल्ट कच्च्या वाटेवरही, मागच्यांनीही.

वाटेवरचे थोडक्यात. सर्वांत जाणता चालक पुढे, त्याच्या खालोखालचा शेवटी, नवखे मध्ये. फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत तिथे थांबायचे. अवघड जागी एकानेच खाली उतरून हात दाखवायचे, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचे. चार जण चार दिशा दाखवू लागले की चालक कोणाचेच ऐकत नाही. खोल चाकोरी असेल तर चाके तिच्या कडांवर ठेवावीत, नाहीतर गाडीचे पोट टेकते. उतारावर फोर-लो, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नयेत, चाक दगडावर आदळले की स्टिअरिंग उलटे फिरते. चढ अर्ध्यात सुटला तर आडवे वळायचे नाही, सरळ रिव्हर्समध्ये खाली यायचे.

दुपारी तीनला परत फिरावे, पुढे कितीही सुंदर दिसत असले तरी. डांबर लागले की थांबावे, पंप काढावे, सगळ्या टायरांत हवा भरून गेजने मोजावी, आणि गाडी फोर-व्हीलमधून टू-व्हीलमध्ये आणावी, कारण कोरड्या डांबरावर ती तशीच चालवली तर गिअरची यंत्रणा ताणली जाते. चाकांचे नट एकदा आवळून पाहावेत. रिमच्या आत चिखल राहिला तर वेगात स्टिअरिंग थरथरते, तो काडीने काढावा. दुसऱ्या दिवशी खालून गाडी धुऊन घ्यावी, पाण्यातून गेलेली असेल तर डिफरन्शियलचे तेल मेकॅनिकला दाखवावे. डिझेल आणि जेवणाचा हिशेब त्याच रात्री करावा.