कोड पार्टचं नाव सांगत नाही

गाडीत चेक इंजिनची लाइट लागलेली, स्कॅनरवर पी०१७१ हा कोड. गॅरेजात नवीन आलेला मुलगा लगेच म्हणतो, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." आणि नवा सेन्सर मागवून मोकळा होतो. या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की शिकाऊ माणसाचं सर्वांत जास्त नुकसान ही घाईच करते. कोड म्हणजे कॉम्प्युटरची तक्रार. कोणत्या तपासणीत काय जुळलं नाही एवढंच तो सांगतो. कोणता पार्ट बदलायचा, हे त्याला माहीतच नसतं.

कोडची रचना एकदा नीट समजून घ्या, जन्मभर पुरते. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'बी' बॉडी, 'सी' चासी आणि 'यू' मॉड्यूलमधलं नेटवर्क. पुढचा अंक ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर त्या कंपनीचं मॅन्युअल उघडायचं. अर्थ पाठ करू नका, शोधला की मिळतो.

कोड पुसायची सवय मात्र आधी सोडा. कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, कूलंट किती तापलं होतं, इंजिनवर लोड किती होता, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. गिऱ्हाईक "कधीकधी होतं" म्हणतं, तेव्हा 'कधी' ते हीच फ्रेम सांगते.

आता पी०१७१ कडे येऊ, कारण नवीन माणसाला यातून जितकं शिकता येतं तितकं दुसऱ्या कुठल्या कोडमधून क्वचितच. अर्थ असा की बँक १ मध्ये (पहिला सिलिंडर ज्या बाजूला असतो ती सिलिंडरची रांग) मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सरने हे दाखवून दिलं, म्हणजे बहुतेक वेळा तो आपलं काम चोख करतोय! लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म बऱ्याच वेळात ठरलेली, दोन्हींची बेरीज करा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. अधिक २५ म्हणजे कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल ओततोय आणि तरी ते पुरत नाहीये.

खरी मजा पुढे आहे. आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) ट्रिम बघा, मग इंजिन २५०० आरपीएमवर धरून पुन्हा बघा. आयडलला २२ आणि वर नेल्यावर ४ झाली, तर व्हॅक्यूम लीक शोधा, म्हणजे इंजिनात न मोजलेली हवा शिरू देणारी फट. आयडलला इंजिन हवा थोडीच घेतं, त्यात फटीतून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा. वरच्या आरपीएमला एकूण हवा वाढते, फट तेवढीच राहते. उलट लोड वाढेल तशी ट्रिम चढत गेली, तर फ्युएल प्रेशर मोजा किंवा आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर तपासा. मळलेला एमएएफ आलेली हवा कमी सांगतो, मग पेट्रोलही कमी सुटतं. (हे एमएएफवाल्या इंजिनाचं झालं. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवरून हवा ठरवणाऱ्या इंजिनात तीच फट बहुतेकदा ट्रिमऐवजी चढलेल्या आयडलमधून कळते.) सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप फुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सर लीन दाखवतो.

लीक शोधायला स्मोक मशीन उत्तम, आत धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. गरम इंजिनावर कार्ब क्लीनरचे फवारे मारणारे उस्ताद तुम्हाला भेटतीलच. आग लागायला एक ठिणगी पुरते, तेव्हा ते शिकू नका.

मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, त्यामानाने सरळ. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. त्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, जागेवरच राहिला तर प्लग, इन्जेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने पुढे जा. लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं. आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले तर आधी बॅटरी, अर्थिंग आणि सेन्सरचा ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. इतके पार्ट एका दिवशी मरत नाहीत.

दुरुस्ती झाली, कोड पुसला, लाइट गेली, तरी गाडी लगेच देऊ नका. ट्रिम शून्याच्या आसपास आली का बघा, पेंडिंग कोड (दोष दिसलाय, पण अजून पक्का झाला नाही असा) बघा, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण होऊ द्या. पुसल्यावर ते सगळे कोरे होतात आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. इव्हॅपच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) मॉनिटरला सहसा थंड इंजिन लागतं आणि टाकीही अर्धवटच भरलेली लागते, त्यामुळे फुल टाकी करून आणलेल्या गाडीत त्याची वाट बघत संध्याकाळ घालवू नका.